दुबार

आण्णांचा फोन आईच्या कपाटात असतो. लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, पासबुकांच्या खाली, धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवलेला. महिन्यातून एकदा ती तो बाहेर काढते, चार्जिंगला लावते, आणि पुन्हा रुमालात बांधून ठेवते. त्या नंबरचं रिचार्ज मी पुण्याहून करते. कशासाठी करतो, हे आम्ही एकमेकींना विचारलेलं नाही.

2024 च्या मार्चमध्ये एका रविवारी रात्री मी तिला फोन केला. म्हटलं, "आई, आण्णांचा फोन काढ. त्यावर आत्ता एक आकडा येईल, तेवढा वाचून दाखव." तिनं आधी चष्मा शोधला, मग किल्ली. मला कपाटाचं दार कुरकुरलेलं ऐकू आलं. "चार," ती म्हणाली. "सात. परत सात. शून्य... थांब गं, काळं झालं सगळं." पुन्हा आकडा मागवला. दुसऱ्या खेपेला सहाही आकडे मिळाले आणि मी आण्णांच्या गाण्यांच्या खात्यात शिरले. वर त्यांचं नाव होतं. खाली एकच यादी होती आणि तिचं नाव होतं 'सकाळ'.

गाण्यांचं बिऱ्हाड हलवायचं होतं. तसं कारण फार मोठं नव्हतं. आम्ही सहा-सात वर्षं ज्या सेवेची वर्गणी भरत होतो, तिथली गाणी एकेक करून पुसट होऊ लागली होती. यादीत नाव दिसायचं, पण करड्या अक्षरांत. बोट ठेवलं तरी काही वाजायचं नाही. कंपन्यांचे करार संपतात, नवे जुळत नाहीत, आणि काल रात्री ऐकलेलं गाणं आज दारावर पाटी असलेल्या, आत कुणी राहत नसलेल्या घरासारखं होऊन बसतं. माझ्या मुलीच्या सगळ्या मैत्रिणी दुसऱ्या सेवेवर होत्या. तिथंही एका वर्गणीत घरातली सहा माणसं बसत होती. म्हटलं, जाऊ या.

बिऱ्हाड हलवायची आम्हाला सवय आहे. मिरजेच्या घरी आधी रेडिओ होता. त्यात आपलं असं काहीच नव्हतं. 'आपली आवड'मध्ये कुणाच्या तरी फर्माईशीवर आपलं आवडतं गाणं लागलं, तर ते देणं समजायचं. मग कॅसेटी आल्या. मग एका चकतीवर दीडशे गाणी मावणाऱ्या सीड्या. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड देऊन भरून आणलेली गाणी. पुण्यात नोकरीला लागल्यावर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी 'धिंगाणा' ऐकायला लागले. 2007 साली पुण्याच्या शिंदे बंधूंनी सुरू केलेली ती साइट. जेवणाच्या सुट्टीत कानाला यंत्र लावून तिथं मी जुनी मराठी गाणी ऐकायचे, आणि त्या नावातला आपलेपणा मला फार आवडायचा. 2014 मध्ये 'आरडिओ' नावाच्या अमेरिकी कंपनीनं ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीला ती कंपनीच बंद पडली. माझ्या याद्या त्या दोन दारांच्या मधे कुठेतरी राहिल्या. तेव्हा मी तरुण होते. गेलं ते गेलं म्हणून पुढं निघाले. 2024 मध्येच 'रेसो' आपल्या देशातून गेलं, 'विंक'नंही आवरतं घेतलं. दर वेळी कुणाच्या तरी पहाटेच्या, प्रवासाच्या, रात्रपाळीच्या याद्या अशा उघड्यावर पडत असतील. त्यांच्यासाठी कुणी रडत नाही, कारण गाणी तर सगळी दुसरीकडे मिळतात.

गाणी मिळतात, हे खरं आहे.

आण्णा मिरजेला रेल्वेत होते. मालधक्क्यावर. त्या काळी मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडून येणारी साडेपाच फुटांची ब्रॉडगेज, खाली लोंढ्याकडं जाणारी एक मीटरची, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी अडीच फुटांची नॅरोगेज. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चढत नाही. त्यामुळं मिरजेत सगळं उतरवायला लागायचं. गूळ, हळद, शेंगा, सिमेंट, खताची पोती, सगळं एका वाघिणीतून काढून शेजारच्या वाघिणीत. हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून जायचे आणि आण्णा वही घेऊन उभे असायचे. इकडून उतरली किती, तिकडं चढली किती. एखाद्या पोत्याची नोंद दोनदा झाली तर समासात लाल शाईनं एक शब्द लिहायचा, 'दुबार', आणि ती ओळ खोडायची. हे त्यांनी मला लहानपणी वही उघडून दाखवलं होतं. आडव्या लाल रेघेवर त्यांची सही असायची, कारण खोडलेल्या ओळीची जबाबदारीही कुणीतरी घ्यायला लागते.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "सगळं बरोबर पोचतं का हो?" ते म्हणाले, "पोती पोचतात. पोत्याला भोक असतं, त्यातनं दोन रुळांच्या मधे जे सांडतं ते कुणाच्या वहीत नसतं. ते पाखरं खातात." संध्याकाळी मालधक्क्यावर पाखरांचे थवे उतरायचे, ते मीही पाहिलेले आहेत.

आण्णा गायचे नाहीत. त्यांना गळा नव्हता आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. ऐकायचे मात्र पाणी प्यायल्यासारखं. मिरजेत राहणाऱ्या माणसाला ते अवघडही नाही. अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले. 1937 साली दक्षिणेच्या प्रवासात एका लहान स्टेशनावर ते गेले, आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथल्या चिंचेखाली रात्र रात्र गाणं चालतं. ड्यूटी संपवून आण्णा तिथं जाऊन बसायचे. खाँसाहेब एका स्टेशनावर गेले, ही गोष्ट सांगताना रेल्वेतल्या या माणसाचा आवाज दर वेळी खाली यायचा, जणू त्या दिवशी फलाटावर आपण असायला हवं होतं.

आणि सतारमेकर गल्ली होती. सुटीच्या दिवशी ते मला सायकलवर पुढं बसवून तिकडं न्यायचे. दुकानाच्या माळ्यावर उलटे टांगलेले भोपळे, लाखेचा वास, जमिनीवर तून लाकडाचा भुसा. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसलेला असायचा. घोडीचा माथा हळूच कानसायचा, तार परत चढवायची, तार आणि घोडी यांच्यामधे सुताचा एक बारीक धागा सरकवायचा, छेडायचं, मान हलवायची, पुन्हा तार उतरवायची. मला तासभर काहीच कळायचं नाही. आणि मग एका क्षणी तो धागा केसभर सरकायचा आणि तोवर ठक्क बोलणारी तार एकदम उघडायची. तिच्यातून दुसरा सूर, तिसरा सूर निघायचा, खोलीच मोठी झाल्यासारखी वाटायची. आण्णा माझ्याकडं बघायचे. ऐकलंस? चार तारा असतात, पहिली पंचमाची, मधल्या दोन जोड षड्जाच्या, शेवटची खर्जाची. पण माणूस ऐकतो ते चार तारांपेक्षा जास्त असतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी वाचायला ते नव्हते. मी ती कापून त्यांच्या वहीत ठेवली.

कॅसेटींच्या काळात सांगलीला एक दुकान होतं. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी भरून न्यायची. साठची की नव्वदची, एवढंच दुकानदार विचारायचा. आण्णांच्या यादीखाली नेहमी एक ओळ असायची : 'दोन गाण्यांच्या मधे वीस आकडे मोजावेत.' दुकानदार म्हणायचा, "साहेब, टेप वाया जाती की. अजून दोन गाणी बसतील." आण्णा म्हणायचे, "वाया जाऊ दे." मी त्यांच्याशेजारी उभी असायचे आणि मला लाज वाटायची. दोन गाणी जास्त मिळत असताना कुणी कोरी टेप विकत घेतं का?

त्यांच्या कॅसेटी मी अजून ठेवल्या आहेत. वाजवायला यंत्र नाही, पण आतल्या कागदावर त्यांचं निळं अक्षर आहे. 'बाजू अ. तोडी.' खाली रेघ, आणि मग थोडी रिकामी जागा. कागदावरसुद्धा ते जागा सोडायचे.

फोन आला तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. मी आमच्या घराच्या वर्गणीत त्यांचं नाव घातलं, खातं उघडून दिलं आणि यादी कशी करायची ते शिकवलं. तीन मिनिटांत त्यांना खाँसाहेबांचा जोगिया सापडला. 1930 च्या दशकातली ध्वनिमुद्रिका, जेमतेम तीन मिनिटांची, तव्याच्या एका बाजूला मावेल एवढी. ते फोन दोन्ही हातांत धरून ऐकत बसले. संपल्याबरोबर पुढचं गाणं सुरू झालं तसे ते दचकले. "हे थांबत नाही?"

मी थांबवायचं बटण दाखवलं.

"ते मी थांबवलं," ते म्हणाले. "आपणहून थांबत नाही का?"

मी शोधलं. एक गाणं दुसऱ्यात मिसळायची सोय होती. पहिल्याचा शेवट विरत असतानाच दुसऱ्याची सुरुवात चढवायची, कुठं खंड पडू नये म्हणून. मधे नुसतं थांबायची सोय मला सापडली नाही. म्हटलं, "आण्णा, आता असंच असतं." ते "बरं" म्हणाले. मला वाटलं, विषय संपला.

त्यांनी काय केलं, हे मला कितीतरी उशिरा कळलं. त्यांनी नुसत्या तंबोऱ्याचं एक ध्वनिमुद्रण शोधून काढलं. काळी एकचा, साडेचार मिनिटांचा. रियाजाला बसणाऱ्यांसाठी असे पुष्कळ असतात. तो त्यांनी यादीत घातला. मग एक राग, मग परत तोच तंबोरा. जिथं त्यांना थांबावंसं वाटत होतं तिथं तिथं. मैफलीत असंच तर असतं. एक राग संपतो, गवई पाणी पितो, रुमालानं तोंड टिपतो, तबलजी हातोडी घेऊन सूर जुळवतो, आणि मागं तंबोरे चालूच असतात. ती जागा रिकामी नसते. आधीचा राग तिथं बसलेला असतो आणि उठायला वेळ घेत असतो.

त्यांच्या यादीत चौदा गाणी होती आणि आठ तंबोरे. एकूण बावीस ओळी.

ते गेले 2023 च्या श्रावणात.

मार्चमधल्या त्या रात्री मी त्यांची 'सकाळ' नव्या सेवेवर न्यायला घेतली. यासाठी वेगळी यंत्रणा असते. एका हाताला जुनं खातं जोडायचं, दुसऱ्या हाताला नवं, आणि मधे ती यंत्रणा हमालासारखी उभी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा खुणांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. कुठल्या देशात दिला, कुणी दिला, कुठल्या वर्षी दिला आणि कितवा, हे त्यात येतं. तो जुळला तर काम झालं. पण जुन्या आपल्या गाण्यांना तो नेहमी जुळत नाही. तोच तवा पुन्हा नव्या संग्रहात निघाला की कधी त्याला नवा क्रमांक मिळतो. मग नावावरून शोधायचं, तर करीममधली वेलांटी इंग्रजीत कुणी एका अक्षरानं लिहिलेली, कुणी दोन अक्षरांनी. पंडित कुठं नावाआधी, कुठं कंसात, कुठं नाहीच. तोडीतला 'ड' एकीकडं एक, दुसरीकडं दुसराच. मला भीती होती ती याची. मी प्रत्येक गाणं उघडून दोन्हीकडं ऐकलं. हा तोच जोगिया आहे का? ही भीमसेनांची तीच तोडी की दुसऱ्या मैफलीतली? मल्लिकार्जुन मन्सूरांचा शुक्ल बिलावल, किशोरीताईंची जौनपुरी. एका ठिकाणी यंत्रणेनं भलताच गवई उचलला होता, तो मी हातानं बदलला. अगदी शेवटी केसरबाईंची भैरवी, कारण मैफल संपते ती भैरवीनं.

त्या भैरवीपाशी मी जरा थांबले. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई. त्यांचं हे गाणं सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरून 1977 साली दोन यानांबरोबर आकाशात सोडलं गेलं. 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1 निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते गाणं कुणाच्या वर्गणीवर नाही. त्याचा करार संपत नाही. आण्णा हे सांगायचे तेव्हा अंगणात येऊन वर बघायचे, दिवसाउजेडीसुद्धा.

मग पडद्यावर हिशेब आला. बावीसपैकी पंधरा सापडली. दुबार, सात. खाली दोन पर्याय होते, ठेवा आणि वगळा.

मी बघितलं. एकच तंबोरा आठ वेळा. त्यांचं बोट चुकून पुन्हा पुन्हा लागलं असणार. शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायचे. मला भरून आलं आणि त्या भरून येण्यातच मी 'वगळा' दाबलं. त्यांची यादी नीटनेटकी व्हावी म्हणून. लाल शाई नव्हती, सही नव्हती, पण ओळी मीच खोडल्या.

पुढं सगळं आपोआप झालं. जुन्या सेवेची वर्गणी मी थांबवली. थांबवल्यावर ठरावीक दिवसांनी संग्रह पुसला जाईल, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. सगळं हलवून झालंय म्हटल्यावर मागं काय राहणार?

श्रावणात वर्षश्राद्धाला आम्ही मिरजेला गेलो. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाड्यांनी जायचे ते जाऊन घर मोकळं झालं. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा आई उठलेली होती. स्वयंपाकघरात दिवा होता. मला बघून ती म्हणाली, "ती त्यांची सकाळची लाव गं. वर्ष झालं, ऐकली नाही."

मी व्हरांड्यात आण्णांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर माझा फोन ठेवला आणि 'सकाळ' लावली. जोगिया झाला. मग साडेचार मिनिटं तंबोरा. मग एकामागून एक. मी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, सगळं आलं. सगळी पोती चढली.

आई हात पुसत दारात आली. तिच्या कपाळावर आठी होती.

"आज हे सगळे घाई का करायला लागलेत?"

मला कळेना. "कोण?"

"हेच, गाणारे. एकाचं होतंय न होतंय तोवर दुसरा. यांच्या वेळी असं नव्हतं." ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. "मधे ते घूं घूं असायचं ते कुठं गेलं?"

मी फोन उचलला. जुन्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला. आईनं न सांगता आतून रुमालातला फोन आणला, चष्मा लावला, आकडा वाचला. या वेळी पडदा काळा व्हायच्या आत वाचला. आत त्यांचं नाव होतं. खाली काहीच नव्हतं.

तेव्हा मला सांगलीचं दुकान आठवलं. यादीखालची ती ओळ, दुकानदाराचं हसू, माझी लाज. आणि मला समजलं की त्यांचं बोट एकदाही थरथरलेलं नव्हतं. तीन मिनिटांच्या जोगियानंतर साडेचार मिनिटं त्यांनी मोजून मागितली होती, आणि पुढंही जिथं जिथं हवी तिथं ठेवली होती. अख्ख्या यादीत त्यांनी स्वतः केलेलं असं तेवढंच होतं. बाकीचं सगळं खाँसाहेबांचं होतं, भीमसेनांचं होतं, केसरबाईंचं होतं, आणि ते जगात कुठंही मिळतं. मी नेमकं त्यांचं तेवढं खोडलं.

मी रडले. आईला सांगितलं की माझ्या हातून काय झालं ते. तिला यंत्रणा कळली नाही, पण पुसलं गेलं एवढं कळलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "परत घाल की मग."

"आई, कुठं कुठं होतं ते मला माहीत नाही. गाणी क्रमानं आहेत, पण मधली..."

"मला माहीताय," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघत राहिले. आईला रागांची नावं येत नाहीत. इतकी वर्षं ती आतून फक्त ऐकत होती, भांड्यांच्या आवाजातून. ती माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "लाव पहिल्यापासनं."

जोगिया झाला, तंबोरा झाला. तो एकच शिल्लक होता. पुढचं गाणं संपत आलं तशी तिनं हात वर केला. "इथं. इथं नळाला पाणी यायचं. मी कळशी लावायचे, त्या आवाजातनं हे घूं घूं ऐकू यायचं." मी तंबोरा घातला. पुढचं गाणं तिनं सोडून दिलं. त्याच्या पुढच्याला, "इथं दूधवाला." तोडीला तिनं डोळे मिटले. तोडी मोठी होती. बाहेर उजाडलं. तोडी संपली आणि ती म्हणाली, "इथं ते उठायचे. झाडांना पाणी घालायला. जास्वंदीला, मग तुळशीला. परत येऊन बसेपर्यंत तंबोरा. पायातलं पाणी फरशीवर उमटायचं, मी रोज ओरडायचे." मी तंबोरा घातला. शुक्ल बिलावलनंतर, "कुकर." जौनपुरीनंतर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इथं ते पेपर उघडायचे. पानांचा आवाज होऊ नये म्हणून आधी तंबोरा यायची वाट बघायचे." तेही घातलं. नंतरच्या दोन गाण्यांच्या मधला तिला लगेच आठवला. तिथं शेजारच्या शाळेची घंटा व्हायची आणि ते घड्याळ लावायचे.

सहा झाले. एक राहिला.

"आई, अजून एक होता."

ती उठली. मला वाटलं, तिला आठवत नाहीये आणि ते सांगणं तिला जड जातंय. ती आत गेली, पातेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला, आणि दोन कप घेऊन ती बाहेर आली. एक माझ्या हातात दिला.

"तो शेवटच्या बाईच्या आधी," ती म्हणाली. "तोवर माझं आतलं सगळं झालेलं असायचं. चहा घेऊन मी बाहेर यायचे. तेवढा वेळ ते काही बोलायचे नाहीत, मीही नाही."

मी तो तिथं ठेवला आणि लावला. काळी एकचा तंबोरा सुरू झाला. नळाचं पाणी केव्हाच गेलं होतं. आईनं आण्णांच्या खुर्चीला हात लावला, पण ती खुर्चीत बसली नाही. खुर्चीशेजारी व्हरांड्याची पायरी आहे, तिच्यावर पदर सारखा करून ती बसली आणि दोन्ही हातांत कप धरून झाडांकडं बघत राहिली.